टीमची उमेद प्रकल्पाच्या मांडणीत असते: प्रकल्प चालवणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

प्रकल्प रखडायला लागला की वरच्या बैठकीत एक वाक्य हमखास येतं: "टीममध्ये मोटिव्हेशन कमी पडतंय." मग लोणावळ्याची सहल ठरते, प्रकल्पाचं नाव छापलेले टी-शर्ट वाटले जातात, कुणी वक्ता येऊन दोन तास बोलून जातो. सोमवारी माणसं जागेवर परततात तेव्हा तीच फाइल तिसऱ्या टेबलावर अडलेली असते, तोच क्लायंट रात्री दहाला फोन करत असतो आणि सहल आठवड्याभरात विसरली जाते.

माझं मत असं की कामाची ओढ वाटते की नाही, हे बहुतेक वेळा कामाच्या मांडणीतच ठरून गेलेलं असतं. निर्णय कोणाच्या हातात आहे, पैसे वेळेवर मिळतात का, केलेलं काम डोळ्यांना दिसतं का, वाईट बातमी सांगणाऱ्याचं पुढे काय होतं, यावर ते ठरतं. ही मांडणी टप्प्याटप्प्याने कशी करायची ते पुढे सांगतो. उदाहरण म्हणून कोकण रेल्वे वारंवार येईल. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले आणि रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर असा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण लांबीने खुला झाला. ९१ बोगदे आणि लहानमोठे मिळून सुमारे २ हजार पूल. या कामात काय साधलं आणि काय साधलं नाही, दोन्हींतून शिकण्यासारखं आहे.

आधी हे पाहा: उमेदीचा यशाशी संबंध येतो कुठे?

"उत्साही माणूस जास्त काम करतो" हे उत्तर अपुरं आहे. माणूस भीतीनेही जास्त काम करतो. फरक पडतो तो वेगळ्याच जागी.

पहिली जागा म्हणजे बातमी. डिझाइनमध्ये चूक आहे, पुरवठादार वेळेत माल देणार नाही, टेस्टिंगचा अंदाज फसला आहे, हे सगळ्यांत आधी कळतं ते हाताने काम करणाऱ्याला. प्रकल्प आपला वाटत असेल तर तो त्याच दिवशी बोलतो. नसेल वाटत, तर "मला काय करायचंय, मला सांगितलं तेवढं मी केलं" असं म्हणून गप्प बसतो. तीच गोष्ट तुम्हाला दोन महिन्यांनी कळते आणि तोवर दुरुस्तीचा खर्च कितीतरी वाढलेला असतो.

दुसरी जागा म्हणजे करारात न लिहिलेलं काम. कोणत्याही प्रकल्पात दोन जबाबदाऱ्यांच्या मधली फट असते. ती कुणाच्याच कामाच्या यादीत नसते. ती कोणीतरी आपण होऊन भरतो, नाहीतर प्रकल्प तिथेच अडखळतो.

तिसरी जागा म्हणजे डोक्यातलं ज्ञान. अमुक निर्णय का घेतला, तमुक पद्धत का सोडली, हे कागदावर क्वचितच असतं. मधल्या टप्प्यावर जाणकार माणूस सोडून गेला की नवा माणूस त्याच चुका पुन्हा करत शिकतो आणि त्याची किंमत प्रकल्प मोजतो.

पायरी १: माणूस टिकलाय की गुंतलाय, हे ओळखा

बांधिलकी एकाच प्रकारची नसते. जॉन मेयर आणि नॅटली ॲलन या संशोधकांनी १९९१ मध्ये तिचे तीन भाग मांडले आणि रोजच्या व्यवहारात ते फार उपयोगी पडतात. एक, मनाची बांधिलकी: इथे राहावंसं वाटतं म्हणून राहतो. दोन, गरजेची: सोडणं परवडत नाही म्हणून राहतो. तीन, कर्तव्याची: सोडणं बरं दिसत नाही म्हणून राहतो.

आपल्याकडे गरजेच्या बांधिलकीला निष्ठा समजण्याची खोड आहे. घराचा हप्ता चालू आहे, बाँड आहे, तीन महिन्यांचा नोटीस पीरियड आहे, म्हणून माणूस हललेला नाही, आणि मॅनेजर खुशीत सांगतो की आमच्याकडे कोणी सोडून जात नाही. असा माणूस हजर असतो आणि सांगितलेलं कामही करतो. फक्त वर सांगितलेल्या तीन जागांपैकी एकाही जागी तो तुमच्या उपयोगी पडत नाही.

कर्तव्यवाल्याचा धोका निराळा. तो कधी "नाही" म्हणत नाही. सगळी जादा कामं त्याच्याकडेच वळतात आणि एक दिवस तो आजारी पडतो किंवा कुणाला न सांगता मुलाखती देऊ लागतो. टीममध्ये असा कोण आहे ते आजच शोधा आणि त्याच्याकडचं एक काम काढून घ्या. कौतुक नंतर करता येईल.

ओळखायचं कसं? प्रत्येकाला अर्धा तास एकट्याला भेटा, तेही केबिनबाहेर. कामाचा आढावा घेऊ नका. चार प्रश्न पुरतात: गेल्या महिन्यात कोणतं काम करताना वेळ कसा गेला कळलं नाही? कोणतं काम टाळावंसं वाटतं? तुझ्या हाती असतं तर या प्रकल्पात उद्या काय बदलशील? आणि मला माहीत नसलेली कोणती गोष्ट तुला माहीत आहे? चौथ्या प्रश्नाला सगळ्यांनीच "काही नाही सर" असं उत्तर दिलं तर तुमचा प्रकल्प आजारी आहे, मग स्टेटस रिपोर्टमध्ये सगळं हिरवं का असेना.

पायरी २: आधी काटे काढा

फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या सुमारे २०० अभियंत्यांशी आणि हिशेबनीसांशी बोलून एक निष्कर्ष काढला: नाराज करणाऱ्या गोष्टी आणि उमेद देणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या असतात. पगार, नियम, वरिष्ठांची वागणूक, कामाची जागा या गोष्टी वाईट असल्या की माणूस वैतागतो. त्या सुधारल्या तर वैताग जातो, पण तेवढ्याने ओढ निर्माण होत नाही. या सिद्धांतावर पुढे बरीच टीका झाली, पण कामाचा क्रम ठरवायला तो चांगला आहे. काटा रुतलेला असताना "आपला प्रकल्प देश बदलणार आहे" असं सांगू नका. माणसं हसतात, तुमच्या पाठीमागे.

काट्यांची यादी टीमकडूनच घ्या. ती बहुधा अगदी क्षुल्लक दिसते: लॅपटॉप सुरू व्हायला पंधरा मिनिटं लागतात, प्रवासखर्चाचं बिल तीन महिने पडून आहे, हिंजवडीच्या वाहतुकीत दोन तास घालवून पोहोचल्यावर पहिली मीटिंग रद्द झाल्याचं कळतं. साइटवर असाल तर पिण्याचं पाणी, संडास, सावली, मजुरीचा वार. यांतल्या निम्म्या गोष्टी तुमच्या अधिकारात असतात. त्या पंधरा दिवसांत करून टाका. उरलेल्यांपैकी कोणत्या होणार नाहीत ते स्पष्ट सांगा. "बघतो" हा शब्द मॅनेजरची पत सगळ्यांत लवकर संपवतो.

कंत्राटी माणसांचा विचार इथेच करा. आज बहुतेक प्रकल्पांत निम्मी माणसं तुमच्या पगारपत्रकावर नसतात. ती ठेकेदाराची, एजन्सीची किंवा दुसऱ्या कंपनीची असतात. त्यांच्या ओळखपत्राचा रंग वेगळा, कॅन्टीनचा दर वेगळा, दिवाळीचा डबा नाही. आणि अपेक्षा मात्र अशी की त्यांनी प्रकल्प आपला मानावा. त्यांचा पगार वाढवणं तुमच्या हाती नसेलही. पण ठेकेदाराचं बिल न रखडवणं नक्कीच असतं, कारण ते रखडलं की मजुराचा पगार रखडतो आणि साइट थंडावते. एखाद्या साइटचं काम अचानक मंदावलं तर मी आधी लेखा विभागात चौकशी करीन, मग मुकादमाकडे.

पायरी ३: काम असं वाटा की एकाला पूर्ण तुकडा दिसेल

मला वाटतं सगळ्यांत जास्त फरक इथे पडतो, आणि सगळ्यांत कमी लक्षही इथेच दिलं जातं.

कोकण रेल्वेचा मार्ग बांधकामासाठी सात विभागांत वाटला होता: महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार आणि उडुपी. प्रत्येक विभाग साधारण १०० किलोमीटरचा, आणि प्रत्येकावर एक मुख्य अभियंता. ही वाटणी कामाच्या प्रकाराने केलेली नाही हे लक्षात घ्या. "पूल एकाकडे, बोगदे दुसऱ्याकडे, रूळ तिसऱ्याकडे" असं केलं असतं तर प्रत्येकाकडे ७४० किलोमीटरभर पसरलेला एकेक धागा आला असता आणि कोणाच्याच हाती कापड आलं नसतं. शंभर किलोमीटरचा तुकडा हाती आला की तिथला डोंगर, तिथला पाऊस, तिथले गावकरी आणि तिथला उशीर, सगळं एकाच माणसाचं होतं. आपला विभाग शेजाऱ्याच्या आधी पुरा व्हावा असंही वाटू लागतं, आणि तशी स्पर्धा प्रकल्पाला चालते.

रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी १९७० च्या दशकात कामाच्या ज्या पाच गुणांवर उमेद अवलंबून असते असं दाखवलं, त्यांत हा एक आहे: काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ओळखू येणं. बाकीचे चार म्हणजे कौशल्यांची विविधता, कामाचं महत्त्व, स्वातंत्र्य आणि कामातूनच मिळणारा प्रतिसाद.

तुमच्या प्रकल्पात हे असं करा. वाटणीचा तक्ता काढा आणि प्रत्येक नावापुढे विचारा: हा माणूस सहा महिन्यांनी बोट दाखवून "हे मी केलं" असं कशाबद्दल म्हणेल? उत्तर "टेस्टिंगमध्ये मदत केली" किंवा "कोऑर्डिनेशन केलं" असं येत असेल तर वाटणी बदला. सॉफ्टवेअरमध्ये स्क्रीन, डेटाबेस आणि टेस्टिंग वेगवेगळ्या टोळ्यांना देण्यापेक्षा "ग्राहकाची परताव्याची प्रक्रिया" हा पूर्ण तुकडा तिघांच्या गटाला द्या. थोडं काम दोनदा होईल. ते परवडतं.

पायरी ४: तुकड्याबरोबर अधिकारही द्या, आणि ते लेखी द्या

जबाबदारी दिली आणि अधिकार वरच ठेवले तर उमेद मरते, आणि चांगल्या माणसाची सगळ्यांत आधी. एका पानावर तीन याद्या करा: कोणते निर्णय टीमने विचारल्याशिवाय घ्यायचे, कोणते घेऊन फक्त कळवायचे, आणि कोणते आधी विचारायचे. पहिल्या यादीत पैशाचा आकडा हवा. दहा हजारांपर्यंतची खरेदी, एका दिवसापर्यंतचा वेळापत्रकातला बदल, अशा मर्यादा असल्याशिवाय "तुम्हाला पूर्ण स्वातंत्र्य आहे" या वाक्याला अर्थ नाही.

तिसऱ्या यादीला तुमची मुदत लावा. विचारल्यापासून दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर होकार समजायचा. हा नियम मॅनेजरला जड जातो, मान्य. पण प्रकल्पाचे किती दिवस तुमच्या उत्तराची वाट पाहण्यात जातात ते एकदा मोजा.

पहिल्या महिन्यात टीमचा एखादा निर्णय तुम्हाला आवडणार नाही. तो फार महागात पडणारा नसेल तर उलटवू नका. एकदा उलटवलात की तीनही याद्या एकच होतात: "सरांना विचारा."

पायरी ५: तारीख टीमने मान्य केलेली हवी

श्रीधरन पुढे दिल्ली मेट्रोचे प्रमुख झाले. तिथे साइटवर उलटी मोजणी दाखवणारी घड्याळं लावलेली असत: काम संपायला अमुक दिवस उरले. मेट्रोचा पहिला टप्पा २००५ च्या अखेरीस, ठरलेल्या मुदतीच्या बराच आधी पुरा झाला. लगेच अनेकांनी आपल्या ऑफिसातही तशी घड्याळं टांगली. पण घड्याळ दर मिनिटाला आठवण करून देतं एवढंच. ती तारीख शक्य आहे असं टीमला वाटत असेल तर त्या आठवणीने हुरूप येतो. नसेल, तर तो रोजचा टोमणा होतो.

म्हणून वेळेचा अंदाज काम करणाऱ्यांकडून घ्या. तुम्हाला वरून ठरलेली तारीख मिळाली असेल तर खोटं नाटक करू नका. तारीख सांगा आणि विचारा: या तारखेत काय बसेल? काय गाळावं लागेल? टीमने गाळलेल्या गोष्टींची यादी घेऊन क्लायंटकडे किंवा साहेबांकडे जाणं हे तुमचं काम. तुम्ही गेलात हे टीमला कळलं पाहिजे, आणि काय उत्तर मिळालं तेही.

पायरी ६: पहिली गाडी लवकर धावू द्या

कोकण रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ उजाडलं, पण दक्षिणेकडे ठोकूर ते उडुपी हा तुकडा मार्च १९९३ मध्येच सुरू झाला आणि उत्तरेकडे रोह्यापुढे वीरपर्यंतची गाडी त्याच वर्षीच्या जूनमध्ये. मध्ये डोंगर तसेच उभे होते. तरी दोन्ही टोकांना खरे प्रवासी खऱ्या गाडीत बसले होते, आणि मधल्या बोगद्यांत चिखल उपसणाऱ्यांना हे काम संपू शकतं याचा पुरावा मिळाला होता.

टेरेसा अमाबिले यांनी सात कंपन्यांतल्या २३८ जणांच्या रोजच्या नोंदी तपासल्या. लोकांचे चांगले दिवस कोणते, तर अर्थपूर्ण कामात थोडी का होईना प्रगती झाली ते. बक्षीस किंवा शाबासकीपेक्षाही हे जास्त ठळक होतं. तुमच्या वेळापत्रकाच्या पहिल्या पाचव्या भागात कोणीतरी खरोखर वापरेल असा एक तुकडा बाहेर पडलाच पाहिजे, असा नियम करा. सादरीकरण किंवा नमुना यात मोजू नका.

आणि तो वापरणारा माणूस टीमला भेटवा. अमेरिकेत ॲडम ग्रँट यांनी विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणाऱ्यांवर एक प्रयोग केला. त्या देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी त्यांची काही मिनिटांची भेट घडवली. महिन्याभरानंतरही ते फोनवर जास्त वेळ देत होते आणि त्यांनी जमवलेली रक्कम दुपटीहून अधिक झाली होती. हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर करत असाल तर टीममधल्या दोघांना एक सकाळ केस पेपरच्या रांगेजवळ उभं करा. स्लाइडपेक्षा ते स्वस्त पडतं.

पायरी ७: पैसे आणि शाबासकी

पैशांबद्दल थोडक्यात. बाजारभावापेक्षा कमी पगार देऊन वरचे कोणतेही उपाय करू नका. लोकांना ती फसवणूक वाटते आणि तिथे त्यांचं बरोबर असतं. पगार रास्त असेल तर तारखेला बांधलेला बोनस सांभाळून वापरा. "३१ मार्चला डिलिव्हरी झाली तर बोनस" असं म्हटलं की डिलिव्हरी होते, आणि दोष एप्रिलमध्ये बाहेर येतात.

शाबासकी नेमकी हवी. "छान काम केलं" याला काही किंमत नाही. "तू त्या मायग्रेशनआधी बॅकअप तपासलास म्हणून शनिवार वाचला" याला आहे. आणि वरच्या बैठकीत जाल तेव्हा काम ज्याचं त्याचं नाव घ्या, शक्य असेल तर बोलायलाही त्यालाच उभं करा. मराठी ऑफिसांत कौतुक करायला जीभ जड होते आणि चूक दाखवायला मात्र ती चांगली चालते. यावर काही उपाय सापडलेला नाही, तेव्हा कॅलेंडरमध्ये दर शुक्रवारी आठवण लावून ठेवा.

पायरी ८: वाईट बातमीची वाट मोकळी ठेवा

हॉस्पिटलमधल्या टीमचा अभ्यास करताना एमी एडमंडसन यांना एक चक्रावणारी गोष्ट दिसली. जिथे आपसातलं काम चांगलं होतं, तिथे औषधांच्या चुका जास्त नोंदल्या गेल्या होत्या. बहुधा तिथे चुका जास्त होत नव्हत्या, त्या सांगण्याची भीती कमी होती. तुमच्या प्रकल्पात अडचणींची नोंदवही कोरी असेल तर आनंद मानू नका.

वाईट बातमी आली की तुमच्या तोंडून निघणारा पहिला प्रश्न आधीच ठरवून ठेवा. "हे आधी का नाही सांगितलं?" हा प्रश्न विचारलात की पुढची बातमी आणखी उशिरा येईल. "आता काय लागेल?" हा विचारा. कारणं शोधायला दोन दिवसांनी वेगळी बैठक घ्या आणि तिथे मात्र कसून विचारा. १२ जुलै २००९ रोजी दिल्लीत जमरूदपूरला मेट्रोच्या पुलाचा भाग कोसळून कामावरची माणसं दगावली, तेव्हा श्रीधरन यांनी नैतिक जबाबदारी घेऊन त्याच दिवशी राजीनामा दिला. तो स्वीकारला गेला नाही. वरचा माणूस दोष स्वतःकडे घेतो हे एकदा दिसलं की खालच्यांना खरं बोलायला बळ येतं.

उमेद जिथे कामाला येत नाही

कोकण रेल्वे पाच वर्षांत पुरी करायचं ठरलं होतं. लागली सात वर्षांहून जास्त. कठीण खडक फोडायला यंत्रं होती, पण काही बोगद्यांत लागली ती मऊ, पाण्याने भरलेली माती. पेडण्याच्या बोगद्याने तर अंत पाहिला: खणावं आणि पुन्हा ढासळावं. तिथले अभियंते किंवा मजूर कमी तळमळीचे नव्हते. जमीनच तशी होती. तेव्हा प्रकल्प मागे पडला की आधी मातीकडे पाहा: करारातली किंमत, गृहीत धरलेलं तंत्र, बदलत राहणाऱ्या मागण्या. मूळ अंदाजच चुकलेला असताना टीमकडे "आणखी थोडं झोकून द्या" अशी मागणी करणं अन्याय आहे, आणि त्याचा उपयोगही नसतो.

झोकून देण्याची हद्दही आधीच आखा. त्या मार्गाच्या बांधकामात ७० हून अधिक माणसांचे जीव गेले. रत्नागिरी स्थानकावर त्यांच्या स्मरणार्थ श्रमशक्ती स्मारक आहे. सुरक्षिततेचा नियम मोडून वेळ वाचवणाऱ्याचं साइटवर कधीही कौतुक करू नका, त्या दिवशी कितीही फायदा झालेला असो. ऑफिसात याचंच रूप म्हणजे लागोपाठ तिसरा शनिवार-रविवार. एक शनिवार मागता येतो. तिसरा मागायची वेळ आली तर तारीख बदलायला वर जा.

पायरी ९: माणूस जाताना आणि टीम मोडताना

राजीनामा आला की पगारवाढीची उलटी ऑफर देऊन थांबवण्याचा मोह होतो. त्याने बहुधा मनाची नव्हे, गरजेची बांधिलकी विकत मिळते. त्याऐवजी मोकळेपणाने कारण विचारा आणि नोटीसच्या काळात त्याला नवं काम देऊ नका. त्याच्याजवळ एकाला बसवा आणि "हे असं का केलं" या प्रश्नाची उत्तरं लिहून घ्या. त्याच्याशी तुम्ही कसे वागता ते बाकीचे सगळे पाहत असतात.

प्रकल्प संपत येतो तेव्हा शेवटच्या दोन महिन्यांत उमेद घसरते, कारण प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न असतो: पुढे माझं काय? त्याचं उत्तर लवकर द्या. कोकण रेल्वेचा मार्ग पुरा झाला तरी महामंडळ राहिलं, आणि पुढे काश्मीरच्या रेल्वेमार्गावरच्या कटऱ्याकडच्या डोंगराळ टप्प्याचं काम त्याच्याकडे आलं. जून २०२५ मध्ये उद्घाटन झालेला चिनाबवरचा पूल याच टप्प्यातला. तुमची टीम लहान असेल, कंपनी लहान असेल, तरी प्रत्येकाबद्दल अर्धं पान लिहा: या प्रकल्पात तो काय शिकला, कुठे कामाला येईल, कोणतं काम त्याला पुन्हा देऊ नये. ते पान त्याला दाखवा, त्याच्या पुढच्या मॅनेजरला स्वतः फोन करा, आणि त्याची साठलेली रजा टीम मोडण्याआधी मंजूर करून टाका.